अवघड भावनांना सामोरे जाणे आणि स्वतःला पुन्हा पुन्हा आठवण करून देणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी कुटुंबांशी समुपदेशनाच्या निमित्ताने बोलताना जे प्रश्न सतत पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. दांडिया बाजारातल्या वाड्यात एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ असोत, मुलगा कॅनडाला गेल्यापासून झोप उडालेली आई असो किंवा महाराजा सयाजीराव विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी असो, तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते: सगळे कळते, पण वळत नाही. कळणे आणि वळणे यांच्यातले हे अंतर कशामुळे पडते आणि ते कमी कसे करता येते, हाच या पानाचा विषय आहे.

भावनेला सामोरे जायचे म्हणजे नेमके काय करायचे?

भीती, लाज, मत्सर, अपराधीपणा, एकटेपणा किंवा राग मनात आला आहे हे स्वतःशी मान्य करायचे, तो शरीरात कोठे जाणवतो आहे तिकडे लक्ष द्यायचे, तो ताबडतोब घालवण्यासाठी कोणताही उपाय करायचा नाही आणि त्याच्यासकट हातातले काम पुढे न्यायचे, एवढाच याचा अर्थ आहे. यातला शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. भावनेकडे पाहत दिवसभर बसून राहणे, तिची कारणे उकरणे, तिच्याबद्दल तासन्‌तास बोलत राहणे, यालाच सामोरे जाणे समजले जाते. प्रत्यक्षात भीती वाटत असताना तो फोन करणे, लाज वाटत असताना वर्गात हात वर करणे, जड मनाने का होईना पण संध्याकाळी सुरसागर तलावापर्यंत चालून येणे, हे सामोरे जाणे आहे.

त्रास होत असेल तर मन दुसरीकडे वळवणे शहाणपणाचे नाही का?

कधीकधी आहे. दंतवैद्याच्या खुर्चीवर बसल्यावर गाणे आठवण्यात काहीच गैर नाही. अडचण सुरू होते ती टाळण्याची सवय लागल्यावर, आणि ती का लागते हे समजून घेण्यासारखे आहे.

बडोद्यात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, आणि ज्यांच्या तळमजल्यात ते चढले त्यांच्यापैकी अनेकांना पुढच्या पावसाळ्यात साध्या सरीचा आवाजही सहन होईना. अशी कल्पना करा की एका गृहस्थांना पाऊस लागला की छातीत धडधडते. ते खिडक्या लावून घेतात, टीव्हीचा आवाज वाढवतात, गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावतात आणि तरीही चैन पडले नाही तर रात्री भावाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी झोपायला जातात. यातल्या प्रत्येक कृतीनंतर धडधड थोडी कमी होते. मन त्यातून असा धडा घेते की आपण पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या सरीला भीती आणखी जोरात येते. होबार्ट मॉरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये हेच मांडले होते: टाळल्याने क्षणभर मिळणारा दिलासा हेच टाळण्याचे बक्षीस ठरते, आणि जी भीती अनुभवाने आपोआप ओसरली असती ती त्यामुळे जपली जाते.

मनातल्या मनात टाळण्याचेही असेच होते. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते आणि विचार आला की घंटी वाजवायला लावली होती. विचार दडपणे त्यांना साधले नाहीच. पण नंतर मोकळीक मिळाल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून अस्वलाचाच विचार करायला सांगितले होते त्यांच्याहूनही दडपणाऱ्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. पांढऱ्या अस्वलाशी कोणाचेच काही देणेघेणे नसते. अपमान, कर्ज किंवा आजारपण यांचा विचार दडपताना हे किती कठीण जात असेल, याचा अंदाज यावरून यावा.

येथे एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. पावसाळ्यापूर्वी महत्त्वाची कागदपत्रे वरच्या मजल्यावर ठेवणे, इन्व्हर्टर उंचावर बसवणे, शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवणे, ही टाळाटाळ नव्हे. ती सावधगिरी आहे. सावधगिरी एकदा घेऊन संपते. टाळाटाळ संपत नाही. ती दर वर्षी थोडी अधिक जागा मागत राहते.

भावना अंगावर येते त्या क्षणी काहीच सुचत नाही. तेव्हा काय करावे?

पहिल्यांदा तिला नाव द्यावे. ‘मला कसेतरी होतेय’ यापेक्षा ‘मला भीती वाटते आहे’ हे बरे, आणि ‘उद्या अहवाल वाईट येईल अशी मला भीती वाटते आहे’ हे त्याहून बरे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की भावनांनी भरलेले चेहरे पाहताना त्या भावनेला शब्द दिला, तर मेंदूतील भीतीशी संबंधित असलेल्या अमिग्डला या भागाची सक्रियता कमी होते. आपल्याकडे मन मोकळे केल्यावर हलके वाटते असे म्हणतात, त्यामागे असे काहीतरी असावे.

त्यानंतर शरीराकडे यावे. घसा आवळला आहे का, पोटात गोळा आला आहे का, तळहात गार पडले आहेत का, हे एकेक करून पाहावे. श्वास मुद्दाम बदलण्याची घाई करू नये. बाहेर जाणारा श्वास थोडा लांबला तर तेवढे पुरे. मग डोळ्यांसमोरच्या जागेत परत यावे: पंख्याचा आवाज, पायाखालची फरशी, कुकरची शिटी. आणि मग आधीपासून ठरवून ठेवलेले एक वाक्य स्वतःला सांगावे. ‘आधीपासून ठरवून ठेवलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्या क्षणी नवे वाक्य रचण्याइतके डोके चालत नाही.

हे सगळे मी आधीच वाचले आहे आणि मला पटलेलेही आहे. तेच तेच पुन्हा कशासाठी ऐकायचे?

हा प्रश्न सुशिक्षित माणसे अधिक विचारतात आणि त्यात थोडा दुखावलेपणाही असतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

पटलेली गोष्ट टिकते असा आपला समज असतो. जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करून आणि ठराविक अंतराने त्या पुन्हा तपासून, १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. शिकलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच निसटते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. अर्थपूर्ण गोष्टी याहून अधिक टिकतात हे खरे. पण एकदा ऐकून पटलेली गोष्ट सहा महिन्यांनी, तीही संकटाच्या क्षणी, आपोआप आठवेल ही अपेक्षा कोणत्याही हिशेबाने रास्त नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्या मनःस्थितीत आपण शहाणपण शिकतो ती शांत असते, आणि ज्या मनःस्थितीत ते लागते ती शांत नसते. खिन्न माणसाला खिन्न आठवणीच पटापट सुचतात. घाबरलेल्याला धोकेच दिसतात. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते वाक्य मनाच्या सर्वांत मागच्या कप्प्यात गेलेले असते. ते पुढे राहावे असे वाटत असेल, तर गरज नसताना ते पुष्कळदा पुढे आणलेले असावे लागते.

बडोद्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये गायक मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा सुरू झाली, आणि तेव्हापासून या शहरात कितीतरी मुलांनी सकाळी उठून तेच पलटे, म्हणजे स्वरांचे ठराविक सराव, घोटले असतील. पलटा कसा आहे हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळलेले असते. तो रोज म्हणायचा तो यासाठी की मैफलीत, श्रोते समोर असताना आणि हात थरथरत असताना, गळा त्या जागी न विचारता जावा. तेव्हा ‘हे मला माहीत आहे’ ही तक्रार बरोबर आहे, परंतु पुनरावृत्तीचा हेतू माहिती देणे हा नाहीच.

स्वतःला सांगायचे वाक्य कसे असावे?

ते खरे असावे, ही पहिली आणि जवळजवळ शेवटची अट आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने, आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहोत अशा अर्थाचे वाक्य रोज अनेकदा म्हणण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि आजही मोबाइलवर फिरणाऱ्या सकारात्मक वाक्यांचे मूळ बरेचसे तिथे आहे. परंतु जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की ‘मी प्रेमास पात्र आहे’ असे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतल्यावर, ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर मुळात कमी होता त्यांना उलट अधिक वाईट वाटले. ज्यांना त्या वाक्याची फारशी गरज नव्हती त्यांनाच त्याचा थोडा लाभ झाला. मनाला न पटणारे वाक्य म्हणायला लागलो की मन लगेच विरुद्ध पुरावे गोळा करू लागते, हे प्रत्येकाने अनुभवलेले असेल.

म्हणून ‘मी अजिबात घाबरत नाही’ हे वाक्य टाकून द्यावे आणि त्याच्या जागी ‘भीती वाटत असतानाही मी याआधी बोललो आहे’ हे ठेवावे. ‘सगळे छान होईल’ याची हमी कोणीच देऊ शकत नाही. ‘जे होईल ते पाहू, आज एवढेच करू’ हे म्हणता येते. ‘मी उत्तम आई आहे’ म्हणताना जिचा घसा दाटतो तिने ‘आज मी ओरडले, आणि आज मी त्याची समजूतही काढली’ असे म्हणावे. यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्र उभ्या राहू शकतात.

वाक्य लहान असावे, आपल्या घरच्या बोलीत असावे आणि त्यात शक्यतो एखादे क्रियापद असावे, म्हणजे पुढे काय करायचे ते त्यातूनच कळावे. बडोद्यात वाढलेल्या कित्येक मराठी माणसांच्या बोलण्यात गुजराती सहज मिसळते; त्यांच्या मनात एखादे वाक्य गुजरातीत येत असेल तर त्यांनी ते तसेच ठेवावे. ज्या भाषेत आपली आई आपल्याला धीर द्यायची, त्या भाषेतले वाक्य लवकर पोहोचते असा माझा अनुभव आहे.

वाक्य ‘मी’ने सुरू करावे की स्वतःला हाक मारून, हेही लोक विचारतात. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील प्रयोगांत, भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगापूर्वी ज्यांनी स्वतःशी बोलताना स्वतःचे नाव किंवा ‘तू’ वापरले त्यांना ‘मी’ वापरणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला आणि त्यांची कामगिरीही सरस ठरली. दिवेलागणीला मनालाच हाक मारून म्हणायचे श्लोक ज्या घरांत लहानपणापासून कानावर पडले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. मनाला समोर बसवून त्याच्याशी आदराने बोलणे आपल्याकडे फार जुने आहे.

ते किती वेळा आणि कधी म्हणावे?

एका बैठकीत शंभर वेळा म्हणण्यापेक्षा दिवसाच्या चार वेगवेगळ्या वेळी एकेकदा म्हणणे अधिक उपयोगी पडते. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, ही स्मरणशक्तीच्या संशोधनातील सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी एक गोष्ट आहे. तसेच नुसते वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा प्रयत्न करावा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतर अधिक सांगितले, पण आठवडाभरानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. म्हणून चिठ्ठी पाहण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले आहे ते क्षणभर आठवून पाहावे.

वाक्याला रोजच्या एखाद्या प्रसंगाशी बांधून टाकावे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला आहे, आणि नुसता निश्चय करण्यापेक्षा असा प्रसंगाला जोडलेला निश्चय अधिक वेळा पार पडतो हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ‘सासूबाईंच्या खोलीत औषध द्यायला जाताना, उंबरठ्यावर पाय ठेवला की मी म्हणेन...’ अशी नेमकी मांडणी करावी.

चिठ्ठी कोठे लावायची यालाही महत्त्व आहे. एका स्वयंपाकघरात मी मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेली वहीच्या कागदाची पट्टी पाहिली होती. पाहुण्यांना ती दिसत नव्हती. फोडणीसाठी मोहरीचा डबा काढताना त्या बाईंनाच दिसत असे. तिच्या एका कोपऱ्याला हळदीची बोटे लागून कागद पिवळा पडला होता आणि शाई फिकटली होती, तरी अक्षरे वाचता येत होती: ‘उत्तर लगेच द्यायचे नाही. आधी पाणी पी.’ इतके घरगुती आणि इतके नेमके वाक्य कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

महिन्याभरात चिठ्ठी दिसेनाशी होते, कारण डोळे तिला सरावतात. तेव्हा तिची जागा, कागदाचा रंग किंवा शब्दांचा क्रम बदलावा. वाक्याचा आशय बदलण्याची घाई मात्र करू नये.

मी रोज नामस्मरण करते. तेवढे पुरेसे नाही का?

नामस्मरणाने मन स्थिरावत असेल तर ते चालू ठेवावे. ते सोडण्याचा सल्ला येथे कोणी देणार नाही. ते श्रद्धेचे आचरण आहे आणि त्याचा हेतू मोठा आहे. प्रश्न एवढाच विचारावा की जप झाल्यावर मी त्या अवघड गोष्टीकडे वळते का. जप करून उठल्यावर मुलीला फोन लावण्याचे बळ येत असेल, तर दोन्ही एकाच दिशेने चालले आहे. फोन लावावा लागू नये म्हणून आणखी एक माळ ओढली जात असेल, तर ते स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल करावे.

पुन्हा पुन्हा म्हणणे हीच चिंतेची सवय होऊ शकते का?

होऊ शकते, आणि या पानावरचा हा माझ्या मते सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याजोगा भाग आहे.

पुन्हा विश्वामित्रीकडे येऊ. जोराचा पाऊस झाला की आजवा सरोवराची आणि काळा घोडा पुलाजवळची पाण्याची पातळी किती झाली हे बडोद्यात प्रत्येक जण मोबाइलवर पाहतो. दिवसातून दोनतीनदा पाहणे माहितीसाठी असते. दर दहा मिनिटांनी पाहणारा माणूस मात्र आकडा पाहत नसतो. त्याला हायसे वाटण्याचा तो एक क्षण हवा असतो. तो क्षण मिळतो, विरतो, आणि बोट पुन्हा पडद्यावर जाते. ‘गॅस बंद केला ना?’, ‘मी काही चुकीचे बोललो नाही ना?’, ‘हे दुखणे साधेच आहे ना?’ असे घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारणेही याच जातीचे आहे. घरचे लोक प्रेमापोटी प्रत्येक वेळी ‘काही झालेले नाही’ असे सांगतात आणि नकळत त्या चक्राला मदत करतात.

आठवणीचे वाक्यही असे वापरले जाऊ शकते. ते ठराविक वेळा म्हटलेच पाहिजे, चुकले तर पहिल्यापासून म्हटले पाहिजे, न म्हटल्यास काहीतरी वाईट घडेल असे वाटू लागले, तर ते वाक्य मदत करत नाही. ते मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडी या आजाराच्या, वाटेने निघाले आहे. मंत्रचळावरच्या उपचारात, म्हणजे भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची खात्री करून घेण्याची कृती करायची नाही या पद्धतीत, अशी दिलासा देणारी वाक्ये मुद्दाम बाजूला ठेवायला सांगतात. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचे पहिले यशस्वी अनुभव नोंदवले आणि आज ती या आजारावरची प्रमुख उपचारपद्धती मानली जाते. तिथे अनिश्चिततेसकट बसून राहणे हेच शिकायचे असते.

ओळखायचे कसे? वाक्य म्हटल्यावर काय घडते ते पाहावे. पाऊल अवघड गोष्टीच्या दिशेने पडले, तर वाक्य आपले काम करते आहे. भीती तेवढ्यापुरती निवली आणि पाऊल जागचे हललेच नाही, उलट तेच वाक्य पुन्हा म्हणावेसे वाटले, तर थांबावे.

वाक्य म्हणूनही भावना जात नाही. मग उपयोग काय?

भावना घालवणे हा त्याचा उपयोग नव्हता. भावना असताना आपण जे करू इच्छितो ते करता आले का, एवढेच पाहावे. पुष्कळदा भावना नंतर ओसरते, पण ती केव्हा ओसरते याकडे डोळे लावून बसलो की ती थांबून राहते.

भावना स्वीकारायची म्हणजे अन्यायही सहन करायचा का?

अजिबात नाही. हा गैरसमज फार नुकसान करतो, विशेषतः स्त्रियांचे आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहायला शिकवले गेले त्यांचे. ‘मला अपमान वाटतो आहे’ हे मान्य करणे आणि ‘माझा अपमान होणे योग्य आहे’ असे मानणे, यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पहिले मान्य केल्याशिवाय दुसऱ्याविरुद्ध उभेच राहता येत नाही.

या शहरात सयाजीबागेत संकल्पभूमी आहे. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी येथे आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी ते या बागेत बसून होते. पुढे जवळजवळ अठरा वर्षांनी त्यांनी स्वतः लिहिले की तो प्रसंग आजही जसाच्या तसा दिसतो आणि तो आठवला की डोळ्यांत पाणी येतेच. आयुष्यभर एवढा लढा दिलेल्या माणसानेही ते दुःख पुसले गेल्याचा दावा केला नाही. ते दुःख उघडपणे सांगणे आणि ज्या व्यवस्थेने ते दिले तिच्याशी लढणे, ही दोन्ही कामे त्यांनी केली. जे लोक ‘झाले गेले विसरून जा’ असा सल्ला सहज देतात, त्यांनी त्या झाडांखाली थोडा वेळ बसून यावे असे मला मनापासून वाटते.

मारहाण, धमकी किंवा सततचा छळ चालू असेल तर तेथे भावनेवर काम करण्यापूर्वी सुरक्षित होणे हे पहिले काम आहे.

जोडीदार गेल्यानंतरच्या दुःखालाही हेच लागू होते का?

काही अंशी. शोकाला दुरुस्तीची गरज नसते आणि त्याला मुदतही नसते. तेथे वाक्याचे काम फार थोडे असते: ‘आज जेवायचे आहे’, ‘आज कोणाशी तरी बोलायचे आहे’. गेलेल्या माणसाची खुर्ची हलवावी की तशीच ठेवावी याची घाई करू नये. मात्र त्यांचे नाव घरात निघू नये म्हणून सगळे जपून बोलू लागले असतील, तर कोणीतरी ते नाव मोठ्याने घ्यावे.

लहान मुलांना हे शिकवता येते का?

येते, पण सांगून कमी आणि करून दाखवून जास्त. ‘मला आत्ता राग आला आहे, मी दोन मिनिटे गॅलरीत उभी राहून येते’ असे आईने म्हटलेले मूल ऐकते आणि पुढे कधीतरी तसेच म्हणते. ‘शूर मुले रडत नाहीत’ हे वाक्य घरातून काढून टाकावे.

तज्ज्ञाची मदत केव्हा घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, काम, अभ्यास किंवा घरातले व्यवहार अडू लागले असतील, दारू किंवा गोळ्यांचा आधार वाढत असेल, तर आठवणीच्या वाक्यांवर विसंबून राहू नये. जीव नकोसा वाटण्याचा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो निःशुल्क आहे आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. बडोद्यात सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. औषधे सुरू झाली तरी वर सांगितलेला सराव सोडावा लागत नाही. उलट औषधाने थोडी उसंत मिळाली की तो अधिक नीट करता येतो. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरातले लोक मला सारखी आठवण करून देतात आणि त्याचाच राग येतो. त्यांना काय सांगावे?

राग येणे स्वाभाविक आहे, कारण स्वतःला करून दिलेली आठवण आणि दुसऱ्याने करून दिलेली आठवण यांत फरक आहे. दुसरी पटकन टोमण्यासारखी ऐकू येते. ‘तुला सांगितले होते ना, शांत राहायचे’ हे वाक्य ऐकून आजवर कोणीही शांत झालेले माझ्या पाहण्यात नाही. म्हणून शांत वेळी, शक्यतो चहा घेताना, घरच्यांशी एकदा ठरवून घ्यावे: आठवण कोणी द्यायची, कोणत्या शब्दांत द्यायची आणि कोणासमोर द्यायची नाही. शब्द आपले असावेत, म्हणजे आपण स्वतःसाठी निवडलेलेच वाक्य त्यांनी म्हणावे. एका घरात नवऱ्याने काही न बोलता पाण्याचा पेला पुढे करायचा, एवढेच ठरले होते आणि ते पुरले. सासूबाई किंवा वडील अशा वडीलधाऱ्या माणसांना थेट सांगणे अवघड जात असेल, तर ‘मला त्या वेळी बोलणे ऐकू येत नाही हो, तुम्ही नुसते जवळ बसा’ अशी विनंती करून पाहावी. बहुतेकांना काय करावे हे कळत नसते म्हणूनच ते बोलत राहतात. बसायला सांगितले की ते बसतात.